आधी कागद, मग चिरा

चि. बायोस,

अनेक आशीर्वाद.

तुझे दीर म्हणाले, पडवीला लागून खोली बांधून घे, रत्नागिरीचं भाडं तरी वाचेल. माणूस चांगला आहे, मनापासूनच बोलले असतील. तरी कागद होईपर्यंत तिथे एक चिरासुद्धा उतरवू नकोस. उद्या त्यांच्या घरात सुना येतील, तेव्हा हा शब्द कोणाला आठवणार?

आधी वारस नोंद कर. जावयांच्या मृत्यूचा दाखला आणि वारसांचं प्रतिज्ञापत्र घेऊन तलाठ्याकडे जा. त्यांच्या हिश्शात तू, बाळ आणि सासूबाई तिघंही सारखेच वारस, कायदाच तसा आहे. बाळ कायद्याने अज्ञान, वयाने लहान, म्हणून त्याच्या नावाशी 'अ. पा. क. आई' असं लिहितात, म्हणजे अज्ञान पालनकर्ती आई. फेरफार मंजूर झाला की सातबारा काढून ती ओळ स्वतः वाच. कोणी 'झालं हो' म्हटलं म्हणून परत फिरू नकोस.

आपलं घरकुल मंजूर झालं तेव्हा तू कॉलेजात होतीस. जागा सामाईक, सातबाऱ्यावर दोन पानं भरून नावं, निम्मी माणसं मुंबईत. मग गणपतीत सगळे चाकरमानी आले, तेव्हा आरती आटोपल्यावर एकेकाला ओटीवर बसवून संमतीपत्रावर सह्या घेतल्या. तुझ्या थोरल्या काकीने सगळ्यांत आधी केली, हे मी जन्मात विसरणार नाही. सरकारचे १,२०,००० रुपये टप्प्याटप्प्याने मिळाले. तेवढ्यात घर उभं राहत नाही गं. वरचे बचत गटातून उचलले आणि काजूच्या हंगामात जास्त जास्त भरून फेडले, कारण श्रावणात हातात काही नसतं. तुझा पगार दरमहा येतो, तेवढं तुला सोपं जाईल.

बाळासाठी बालसंगोपन योजनेचा अर्जही कर, जिल्हा महिला व बालविकास कार्यालयात. महिन्याला २,२५० रुपये, १८ वर्षांचा होईपर्यंत. पैसे मागेपुढे येतात, म्हणून भाडं त्यावर धरू नकोस, शाळेच्या खर्चाला ठेव.

तोवर रत्नागिरीची भाड्याची खोली सोडू नकोस. भाड्याला कमी पडलं तर मला सांग, संकोच करू नकोस. सासूबाईंशी मी बोलते, आम्ही दोघी सारख्याच वाटेने गेलोय, त्या ऐकतील. दाखल्याच्या चार-पाच प्रती काढून ठेव, प्रत्येक ठिकाणी मागतात.

तुझी आई