विषय : मागच्या पायांची व्हीलचेअर (मोठा साइज), डावी पिन आणि तुमचा 'उभा फोटो'

प्रति,
व्यवस्थापक, ग्राहक सेवा विभाग

आत्ता पावणेसहाला तुमच्याशी सहावा फोन संपला. संपला म्हणजे पलीकडून ठेवला गेला. म्हणून आता लेखी.

डावी पिन. कोणती ते तुम्हाला ठाऊक आहे, माल तुमचाच. उंचीच्या दांडीतली खटक्याची पिन तिसऱ्या भोकात बसते, आमचा कुत्रा बंड्या फाटकापर्यंत दहा-बारा पावलं जातो आणि ती टक् करून सुटते. चौकट डावीकडे कलंडते, पंजा उलटा दुमडतो आणि रस्त्यावर घासत जातो. खुबे लहानपणापासूनच अधू, त्यात आता मणक्यातली नस दबलेली, त्यामुळे त्याला ते जाणवतही नाही. मला कळलं ते ओट्यापर्यंत उमटलेल्या रक्ताच्या बारीक रेघेवरून. दोन नखं पार मुळापर्यंत झिजली होती.

तेरा वर्षांचा लॅब्रॅडॉर, वजन 34 किलो. दिवसातून पाच वेळा पोटाखालून टॉवेल घालून त्याला उचलतो आम्ही, आणि आमची दोघांची वयंही काही तेरा नाहीत. डॉक्टर म्हणाले, रोज थोडं चालवा, नाहीतर मांडीचं उरलंसुरलं मांसही जाईल. म्हणून 11,800 रुपये मोजले.

आता आजचा संवाद. जसाच्या तसा देते, कारण तुमचे कॉल 'ट्रेनिंगसाठी रेकॉर्ड' होतात म्हणे. ट्रेनिंग कुणाचं होतं, देव जाणे.

"मॅडम, पिन रिप्लेसमेंटसाठी आधी साइज व्हेरिफाय करावी लागेल. डॉगचा फोटो पाठवा."

तिथल्या तिथे पाठवला.

"यात टॉवेल दिसतोय. डॉग चारही पायांवर, सपोर्टशिवाय उभा पाहिजे."

म्हटलं, अहो दादा, तो सपोर्टशिवाय उभा राहत असता तर मी तुमची गाडी कशाला घेतली असती?

"बरोबर आहे मॅडम. पण सिस्टीम सपोर्टवाला फोटो घेत नाही."

मग पिनेचा फोटो घ्या. बिघडली आहे ती पिन, कुत्रा नाही.

"पिनेचा ऑप्शन नाहीये." मग बराच वेळ नुसती टकटक. "मॅडम, असं करा, सकाळी झोपेतून उठल्या उठल्या ट्राय करा. तेव्हा फ्रेश असेल."

संधिवाताचं कुत्रं झोपून उठल्यावरच सगळ्यात जास्त आखडलेलं असतं. 'खास ज्येष्ठ श्वानांसाठी' असं खोक्यावर छापणाऱ्यांना एवढंही माहीत नसावं? आणि पुढे कहर : "नाहीतर घरातली एखादी पेनकिलर अर्धी देऊन उभा करा." घरात आयब्युप्रोफेन आहे. कुत्र्याच्या पोटात ती गेली तर आतड्याला अल्सर होतात, किडनी निकामी होऊ शकते. बंड्याचं दुखण्यावरचं औषध, मेलोक्सिकॅम, वजनावर मोजून, जेवणाबरोबर देतो, आणि किडनीसाठी रक्त तपासत राहतो. तुमच्या फोटोसाठी त्याचा जीव धोक्यात घालू का?

संयमाने लिहायचं ठरवलं होतं. राहू द्या.

दोन्ही पिना पाठवा. उजवीही, कारण तीही डुगडुगायला लागली आहे. आठ दिवसांत आल्या नाहीत तर 1915 या ग्राहक हेल्पलाइनवर नोंद करीन आणि मग जिल्हा ग्राहक आयोगात जाईन. तिथे बंड्याला टॉवेलवर उचलून आणू, साइज त्यांनाच व्हेरिफाय करू दे.

तुमच्या जाहिरातीतला लॅब्रॅडॉर याच गाडीत हिरवळीवर धावतो. ती बघूनच तर घेतली. त्याच्या पिना कुठून आणता, तेवढं कळवा.

– डाव्या पिनेची ग्राहक

ता.क. फोन ठेवल्यावर तुमचा मेसेज आला : 'आमची सेवा कशी वाटली? 1 ते 5 गुण द्या.' 1 दिला. लगेच उत्तर आलं : 'धन्यवाद! बंड्याला आमच्याकडून एक प्रेमळ मिठी.' मिठी नको. पिन पाठवा.