शाळा सोडण्याचे कारण : 'पालकांच्या विनंतीवरून'

मा. संपादक,
स. न. वि. वि.

'छडी गेली आणि शाळेतली शिस्तही गेली' असे हल्ली जो तो म्हणतो. मी एका खासगी अनुदानित माध्यमिक शाळेत तीस वर्षे लिपिक होतो. छडीचे मास्तरलोक बघून घेतील, मला दाखल्याबद्दल लिहायचे आहे.

नववीतल्या एका मुलाच्या दप्तरात दुसऱ्याचा मोबाईल सापडला. तो तिथे कसा आला, हे त्याला कुणी विचारलेच नाही. दुपारी वडिलांना बोलावणे गेले, ते टेम्पो उभा करून तसेच आले. माझ्याच टेबलाशी बसून त्यांनी अर्ज लिहिला, मजकूर मी सांगितला : 'घरगुती अडचणीमुळे पाल्याचा दाखला मिळावा, ही विनंती.' साडेचारला दाखला तयार. कारणाच्या रकान्यात 'पालकांच्या विनंतीवरून', वर्तणुकीच्या रकान्यात 'चांगली'. वर्तणूक वाईट म्हणून घालवलेल्या मुलाची वर्तणूक चांगली, हे मीच माझ्या अक्षरात लिहिले. कागदोपत्री शाळेने त्याला काढलेलेच नाही. मग दाद मागायची ती कशाविरुद्ध?

त्याच शाळेत एका शिपायावर पैशांच्या अफरातफरीचा आरोप आला, तेव्हा १९७७ चा खासगी शाळा कर्मचारी कायदा आणि १९८१ ची नियमावली टेबलावर आली. आरोपपत्र, लेखी खुलासा, तिघांची चौकशी समिती (त्यातला एक खुद्द शिपायाच्या पसंतीचा), आणि वर शाळा न्यायाधिकरणात अपिलाची सोय. हे योग्यच होते, तक्रार नाही. पण पन्नाशीच्या माणसाला एवढे संरक्षण आणि चौदा वर्षांच्या पोराला एक दुपारही नाही?

शिक्षणहक्क कायद्याच्या कलम १६ ने आठवीपर्यंत मुलाला शाळेतून काढून टाकता येत नाही. नववीपासून ते कवच नाही, आणि आठवीच्या आतही 'विनंती अर्ज' लिहून घेतला की कायदा बाजूला राहतो.

मुलांना सुनावणी दिली तर शाळेचे कोर्ट होईल, असे आमचे मुख्याध्यापक म्हणत. पण उत्तर प्रदेशच्या परीक्षा मंडळाने तीन मुलांचे म्हणणे न ऐकताच गैरप्रकाराबद्दल त्यांचा निकाल रद्द केला आणि पुढच्या वर्षीच्या परीक्षेलाही मनाई केली, तेव्हा ते चूक असल्याचे सर्वोच्च न्यायालयाने १९६२ मध्येच सांगितले. उलट रांचीच्या राजेंद्र मेडिकल कॉलेजात मुलींच्या वसतिगृहात घुसलेल्या मुलांचे प्रकरण १९७३ मध्ये त्याच न्यायालयापुढे आले. मुलींचे जबाब त्या मुलांच्या माघारी घेतले होते, तरी न्यायालयाने कॉलेजची कारवाई कायम ठेवली. समोर जबाब दिला तर मुलींना नंतर त्रास होण्याची भीती होती, आणि आरोप काय हे मुलांना सांगून त्यांचे म्हणणे घेतलेले होते. म्हणजे वकील, उलटतपासणी असले काही लागत नाही. आरोप सांगा आणि ऐकून घ्या, एवढेच.

शिक्षण खात्याने एक परिपत्रक काढावे. शिस्तभंगावरून दाखला द्यायचा असेल, तर आरोप एका कागदावर लिहून पालकांच्या हाती द्यावा, मुलाचा खुलासा त्याच्याच शब्दांत घ्यावा, निर्णय निदान आठवडाभर थांबवावा, आणि दाखल्यावर खरे कारण न लिहिता मुलाच्या हिताचे लिहायचे असेल तर जनरल रजिस्टरला तरी खरे नोंदवावे. अर्जाचा मजकूर शाळेच्या लिपिकाने सांगू नये, हेही त्यात घालावे.

तो मोबाईल दप्तरात दुसऱ्याच मुलाने टाकला होता, हे पुढे दिवाळीनंतर कळले. रजिस्टरमधली नोंद अजून तशीच आहे.

आपला,
एक निवृत्त लिपिक, जि. सातारा