रविवारच्या रोबोट वर्गासाठी आवाहन: जुने लॅपटॉप, केबल आणि तुमचे दोन तास

कोल्हापुरात मंगळवार पेठेतल्या आमच्या तालमीत वरच्या मजल्यावर दर रविवारी सकाळी ९ ते ११ एक वर्ग भरतो. खाली हौद्यात पहिलवान पोरांचा सराव चालू असतो आणि वर २२ मुलंमुली दोन लॅपटॉपभोवती बसलेली असतात. एका लॅपटॉपमागे अकरा जण. एकजण टाइप करतो, बाकीचे दहा मान उंच करून बघतात. हे बदलायला हवं, म्हणून हे आवाहन.

गेल्या वर्षी पेठेतल्याच, आता पुण्याला राहायला गेलेल्या एका कुटुंबाने आपल्या मुलांचे लेगोचे जुने संच तालमीला दिले. त्यात तीन टेक्निक हब, दोन मूव्ह हब आणि एक प्राइम हब निघाले. हब म्हणजे रोबोटचा मेंदू. त्यात छोटा प्रोसेसर असतो, ब्लूटूथ असतं आणि मोटर, सेन्सर जोडायला पोर्ट असतात. टेक्निक हबला चार, प्राइमला सहा. आमचा टॅब इतका जुना, की हब चालवायचं ॲप त्यावर उघडेचना. सगळं सामान कपाटात जायच्या बेतात होतं, तेवढ्यात इंजिनिअरिंगला असलेल्या आमच्या एका कार्यकर्त्याने पायब्रिक्स शोधून काढलं.

पायब्रिक्स हे फुकट मिळणारं, सगळ्यांना खुलं असलेलं फर्मवेअर, म्हणजे हबच्या आत राहून तो चालवणारं सॉफ्टवेअर आहे. हबमध्ये ते एकदा भरलं की पायथन या प्रोग्रामिंगच्या भाषेत लिहिलेला प्रोग्राम हब स्वतःच चालवतो. ते ब्राउझरमधूनही वापरता येतं आणि बरेच जण तसंच वापरतात. आम्ही मात्र पायब्रिक्सडेव्ह नावाचं कमांड लाइनचं हत्यार निवडलं. काळी खिडकी, त्यात एक ओळ टाइप करायची आणि एंटर. आमच्या जुन्या लॅपटॉपवर विंडोजऐवजी उबुंटू आहे, म्हणजे लिनक्सचाच एक फुकट मिळणारा प्रकार. ब्राउझर उघडला की ते धापा टाकतात, शिवाय लिनक्सवर क्रोममधून ब्लूटूथ वापरायला आधी एक प्रायोगिक सेटिंग चालू करावं लागतं. टर्मिनल, म्हणजे ती काळी खिडकी, मात्र कसल्याही लॅपटॉपवर झटक्यात उघडतं. आणि आमच्या अनुभवात, काही चुकलं की टर्मिनल जे लिहून दाखवतं ते पोरं थांबून वाचायला शिकली आहेत. आम्हाला याचंच सगळ्यात जास्त मोल वाटतं.

सुरुवात सोपी नव्हती. पहिल्या रविवारी पिप या पायथनची हत्यारं बसवणाऱ्या नेहमीच्या कमांडने इन्स्टॉल करायला गेलो, तर उबुंटूने सरळ नकार दिला. सिस्टिमचं पायथन सिस्टिमच सांभाळते, तिथं हात घालू नका, असा त्या निरोपाचा अर्थ. तो कळायला आम्हाला दोन रविवार लागले. उपाय होता पिपएक्स. पिपएक्स प्रत्येक हत्याराला स्वतःची वेगळी खोली देतं, म्हणजे एकाचं सामान दुसऱ्याच्या पायात येत नाही. ‘पिपएक्स इन्स्टॉल पायब्रिक्सडेव्ह’ हे तीन शब्द इंग्रजी अक्षरांत टाइप केले आणि काम झालं. तरी कमांड सापडेना! मग ‘पिपएक्स एन्शुअरपाथ’ चालवून खिडकी बंद करून पुन्हा उघडली, तेव्हा सापडली. प्राइम हबला यूएसबीने फर्मवेअर भरताना लिनक्स परवानगी देईना, त्यासाठी यूडेव्हचा नियम, म्हणजे हे उपकरण वापरू द्या असं लिनक्सला सांगणारी छोटी फाइल, टाकावी लागली. तो नियमही पायब्रिक्सडेव्हच छापून देतं, आपण फक्त योग्य फोल्डरमध्ये ठेवायचा.

एवढं करून एक अख्खी संध्याकाळ वाया गेली ती केबलमुळे. ब्लूटूथचं बटण दाबून धरून केबल लावायची, दिवा रंग बदलत लुकलुकायला लागला की सोडायचं, हे सगळं बरोबर चाललं होतं. लॅपटॉपला मात्र हब दिसेचना. केबल नुसती चार्जिंगची होती, डेटा नेणाऱ्या तारा तिच्यात नव्हत्याच. म्हणून खालच्या यादीत आम्ही ‘डेटा केबल’ असं मुद्दाम लिहिलंय. घरात दहा केबल असतात, त्यातली मायक्रो यूएसबी टोकाची आणि मोबाइलमधले फोटो कॉम्प्युटरवर उतरवते ती आमच्या कामाची.

आता रोजचं काम असं चालतं. मूल साध्या एडिटरमध्ये प्रोग्राम लिहितं आणि टर्मिनलमध्ये ‘पायब्रिक्सडेव्ह रन बीएलई’ लिहून पुढे फाइलचं नाव देतं. लॅपटॉप तो प्रोग्राम आटोपशीर करून ब्लूटूथने हबकडे पाठवतो, चाकं फिरतात, आणि प्रोग्रामने छापलेले आकडे परत त्याच खिडकीत येतात. खोलीत तीन हब चालू असताना नाव दिलं नाही, तर जो आधी सापडेल त्याच्याशी जोडणी होते. एकदा एका गटाचा प्रोग्राम दुसऱ्याच्या गाडीत गेला आणि ती गाडी टेबलावरून खाली पडली. तेव्हापासून टेक्निक हबना गावातल्या तळ्यांची नावं आहेत: रंकाळा, कळंबा आणि कोटीतीर्थ. फर्मवेअर भरतानाच नाव देता येतं, मग कमांडमध्ये ते लिहायचं.

या वर्गात काय होतं, याचं एकच उदाहरण देतो. सातवीतल्या एका मुलीने जुलैत पिंपाच्या वर अल्ट्रासॉनिक सेन्सर टांगला, तळापासून बरोबर ६० सेंटिमीटरवर. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची इशारा पातळी ३९ फूट आणि धोका पातळी ४३ फूट, हे कोल्हापुरात पावसाळ्यात लहान पोरालाही पाठ असतं. तिने एक फूट म्हणजे एक सेंटिमीटर धरला. सेन्सर पाण्यापर्यंतचं अंतर मिलिमीटरमध्ये सांगतो. म्हणजे २१० आलं की हबचा दिवा पिवळा, १७० आलं की लाल. तांब्यातांब्याने पाणी ओतत गेलो आणि दिवा बरोबर तिथेच बदलला. २०१९ च्या महापुरात तिच्या मामाच्या घरात पाणी शिरलं होतं. प्रोग्राम बारा-तेरा ओळींचा, पण वजाबाकी तिने स्वतः केली होती, आणि ती का करायची हे तिने बाकीच्यांना समजावून सांगितलं.

आम्हाला हवंय ते असं. सगळ्यात आधी लॅपटॉप, चार तरी. स्क्रीनला ओरखडे असोत, बॅटरी बसलेली असो, चालेल. चार्जर मात्र सोबत द्या. विंडोज गेलं असेल तरी हरकत नाही, आम्ही उबुंटू टाकू. देण्याआधी आपले फोटो, कागदपत्रं काढून घ्या. डिस्क आम्हीही तुमच्यासमोर पूर्ण पुसून देऊ. लॅपटॉपचं ब्लूटूथ ४.० किंवा पुढचं हवं, कारण हब कमी विजेच्या ब्लूटूथवर बोलतात. ते नसेल तर यूएसबीला लावायचा छोटा ब्लूटूथ डोंगल दिलात तरी तो लॅपटॉप कामाला येतो.

दुसरं, सेल. एका टेक्निक हबला सहा डबल ए सेल लागतात, तीन हबना अठरा. साधे सेल विकत घेऊन तालमीला परवडत नाहीत, म्हणून चार्ज होणारे १८ सेल आणि एक चांगला चार्जर हवाय. मूव्ह हबला ट्रिपल ए लागतात, तेही सहा-सहा. फर्मवेअर भरताना सेल मध्येच बसले तर सगळं पुन्हा करावं लागतं, म्हणून हा खर्च टाळता येत नाही. आणि डेटा केबल.

तुमच्या घरी मुलं मोठी झाल्यावर माळ्यावर गेलेले हब, मोटर, सेन्सर असतील तर तेही द्या. मुलांना ते परत हवे झाले तर काय, असं एका पालकांनी विचारलं होतं. मूळ फर्मवेअर पुन्हा भरता येतं, हब पूर्वीसारखा होतो, आणि आम्ही तो तसाच परत करू.

पण वस्तूंपेक्षा माणसांची चणचण जास्त आहे. उद्यमनगरातल्या कारखान्यांत सीएनसी यंत्रांवर जी-कोड, म्हणजे यंत्राला द्यायच्या सूचना, लिहिणारे, एक अक्षर चुकलं तर जॉब वाया जातो हे रोज पाहणारे कितीतरी जण आहेत. पायथन येत नाही म्हणून मागे राहू नका. ओळ नीट वाचायची, एक बदल करायचा, पुन्हा चालवून बघायचं, ही तुमची सवय आमच्या मुलांना हवी आहे. १९१८ मध्ये बाबूराव पेंटर आणि विष्णुपंत दामले यांनी याच गावात सिनेमाचा कॅमेरा स्वतः बनवला होता. हाताने शिकणारी आणि शिकवणारी माणसं इथं कमी नाहीत. महिन्यातला एक रविवार दिलात तरी पुरे.

आणखी एक काम आहे, घरी बसून करण्यासारखं. आमची बहुतेक मुलं मराठी शाळांतली, आणि टर्मिनलचे निरोप इंग्रजीत. म्हणून वर्गात एक वही ठेवलीय. डावीकडे निरोप, उजवीकडे मराठीत त्याचा अर्थ आणि काय करायचं ते. ‘टाइमआउट’ समोर लिहिलंय: हब बंद आहे, किंवा दुसऱ्या लॅपटॉपला आधीच जोडलेला आहे. आतापर्यंत चाळीसेक निरोप झालेत, सगळे मुलांच्या अक्षरात. ही वही कुणी टाइप करून, तपासून दिली तर छापून प्रत्येक मुलाला एकेक प्रत देता येईल.

रोख मदत तालमीच्या कार्यालयात रोज संध्याकाळी ७ ते ९ घेतली जाईल, पावती तिथेच मिळेल. पैसे फक्त सेल, चार्जर, डोंगल आणि वहीच्या छपाईवर खर्च होतील, आणि हिशेब गणपतीच्या वर्गणीसारखाच फलकावर लागेल. वस्तू आणताना रविवारी सकाळीच आणा. लॅपटॉप लगेच चालू करून बघता येईल, आणि त्यावर पहिली कमांड कोण टाइप करतं तेही तुम्हाला दिसेल.