मनाई केली, कारण कुठे आहे? गृहमंत्र्यांना सांगलीहून खुले पत्र

प्रति,
मा. गृहमंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई

विषय : कलम ३७ चे आदेश, १६८ च्या नोटिसा आणि त्यांची न लिहिलेली कारणे

महोदय,

आमच्या जिल्ह्यात मनाई आदेशाची बातमी आता कुणी वाचत नाही. सण आला, निवडणूक आली, एखाद्या संघटनेने मोर्चाची हाक दिली की पेपरच्या आतल्या पानावर चार ओळी येतात. महाराष्ट्र पोलीस अधिनियम १९५१ च्या कलम ३७ अन्वये अमुक तारखेपासून तमुक तारखेपर्यंत पाच किंवा अधिक लोकांनी एकत्र जमू नये, सभा घेऊ नये, मिरवणूक काढू नये. लग्न आणि अंत्ययात्रा वगळून. मुदत पंधरा दिवसांची, कारण त्यापुढे न्यायची तर राज्य शासनाची मंजुरी लागते. पंधरा दिवस सरतात आणि पुन्हा कधीतरी तसाच आदेश निघतो. तारखा बदलतात, मजकूर बहुतेक तोच राहतो.

मी सांगलीत एलएल.बी.च्या शेवटच्या वर्षाला शिकते. कुठल्या पक्षात नाही, कुठल्या संघटनेची पदाधिकारी नाही. हे आधीच सांगते, कारण विजयनगरला जिल्हाधिकारी कार्यालयाबाहेर कोणी उभे राहिले की पहिला प्रश्न तोच येतो, ‘कुणाची माणसं?’ मागणी काय, हे नंतर.

मनाई करूच नका असे माझे म्हणणे नाही. शांततेने आणि शस्त्राविना जमण्याचा हक्क संविधानाच्या अनुच्छेद १९ ने दिला, तसा त्यावर वाजवी निर्बंध घालण्याचा अधिकारही दिला. दिल्लीतल्या शाहीनबागेच्या धरण्याच्या प्रकरणात ऑक्टोबर २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की सार्वजनिक रस्ता बेमुदत अडवून धरता येणार नाही. ते मला मान्य आहे. रस्ता रोकोत अॅम्ब्युलन्स अडकते तेव्हा आंदोलकांची बाजू घेणे मला जमत नाही. ३० जुलै २००३ च्या मुंबई बंदबद्दल उच्च न्यायालयाने शिवसेना आणि भाजपला प्रत्येकी वीस लाख रुपये भरायला लावले, तो निकाल तर प्रत्येक पक्ष कार्यालयात फ्रेम करून लावावा असा आहे. माझी तक्रार एवढीच की हक्क थांबवणाऱ्याने तो का थांबवला हे लिहून द्यायला हवे, आणि नेमके तेवढेच आपली यंत्रणा करत नाही.

काश्मीरमधल्या निर्बंधांवरच्या अनुराधा भसीन खटल्याचा निकाल १० जानेवारी २०२० चा. जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १४४ खालच्या जमावबंदीच्या आदेशात नेमकी कोणती परिस्थिती पाहून आदेश काढला ते असले पाहिजे, आदेश प्रसिद्ध झाला पाहिजे, आणि तेच तेच आदेश पुन्हापुन्हा काढणे हा अधिकाराचा गैरवापर आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने त्यात म्हटले. तो निकाल १४४ चा, म्हणजे आताच्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १६३ चा. ३७ चा नाही, असे आपले विधी अधिकारी सांगतील. परीक्षेत या उत्तराला अर्धे गुण मिळतील. कारण त्यानंतर महिनाभरातच माजलगावचे प्रकरण औरंगाबाद खंडपीठापुढे आले आणि तिथे आदेश ३७ चाच होता. नागरिकत्व कायद्याविरुद्ध काही लोकांना धरणे धरायचे होते. बीडच्या अपर जिल्हादंडाधिकाऱ्यांचा मनाई आदेश दाखवून पोलिसांनी परवानगी नाकारली. न्यायालयाने आदेश वाचला. वरवर तो सर्वांसाठी होता, पण रोख या आंदोलकांवरच होता, म्हणून तो रद्द झाला. एखाद्या कायद्याला विरोध केला एवढ्यावरून कुणाला देशद्रोही म्हणता येणार नाही, हेही त्यात आले. बीडचा आदेश रद्द झाला तो आमच्याच उच्च न्यायालयात. सांगली-साताऱ्याच्या आदेशांचे मसुदे करणाऱ्यांना तो निकाल माहीत नसेल असे मानायला मी तयार नाही.

आता त्याच नागरिक सुरक्षा संहितेतल्या कलम १६८ ची नोटीस, म्हणजे गुन्हा घडू नये म्हणून पोलीस आधीच देतात ती लेखी ताकीद. लोक अजून तिला ‘१४९ ची नोटीस’च म्हणतात, जुन्या कलमावरून. माझे मामा तासगाव तालुक्यात द्राक्षबाग करतात. पीकविम्याच्या पैशांसाठी निवेदनावर सह्या गोळा करण्यात ते पुढे होते. एक मंत्री दौऱ्यावर यायचे होते, त्याच्या आदल्या रात्री घरी नोटीस आली. छापील कागद, मोकळ्या जागेत हाताने नाव. आपल्याकडून कायदा व सुव्यवस्थेचा प्रश्न निर्माण झाल्यास आपणास जबाबदार धरले जाईल आणि ही नोटीस आपल्याविरुद्ध पुरावा म्हणून वापरली जाईल, अशा अर्थाचा मजकूर. सकाळी ‘साहेबांनी चहाला बोलावलंय’ म्हणून नेले ते मंत्र्यांचा ताफा जिल्ह्याबाहेर पडल्यावर सोडले. चहा खरोखर दिला, दोनदा. मामा तिथल्या हवालदाराला म्हणाले, “मी काय करणार हुतो तेवढं तरी सांगा, मलाच ठावं न्हाई.” हवालदार हसला. त्याच्याकडे तरी काय उत्तर असणार?

कायदा मात्र या प्रश्नाचे उत्तर मागतो. दखलपात्र गुन्हा टाळण्यासाठी मध्ये पडण्याचा अधिकार कलम १६८ पोलिसांना देते. कलम १७० खाली अटक करायची तर असा गुन्हा करण्याचा बेत पोलिसांना माहीत हवा आणि अटकेशिवाय तो टाळता येणार नाही अशी परिस्थिती हवी. मग अटक केली असेल तर नोंद कुठे आहे? केली नसेल तर दिवसभर बसवून ठेवले ते कोणत्या कलमाखाली? मामांना कसलाच कागद मिळाला नाही. मी तक्रार करूया म्हटले तर मामी म्हणाली, नको, उद्या काही लागलं तर त्याच ठाण्यात जायचंय. ठाण्याचे नाव मीही लिहीत नाही, त्याच कारणासाठी.

भीती आम्हा विद्यार्थ्यांनाही आहे, फक्त वेगळी. मनाई आदेश मोडला म्हणून होणाऱ्या गुन्ह्याला पूर्वी भारतीय दंड संहितेचे कलम १८८ होते: साध्या प्रकारात एक महिन्यापर्यंत कैद किंवा दोनशे रुपयांपर्यंत दंड. आता भारतीय न्याय संहितेच्या कलम २२३ मध्ये तीच कैद सहा महिन्यांपर्यंत आणि दंड अडीच हजारांपर्यंत गेला आहे. दंडाचे सोडा. वकिलीची सनद घेताना, चारित्र्य पडताळणीत, पासपोर्टला ‘गुन्हा दाखल आहे का’ हा रकाना असतो. या गुन्ह्याची दखल न्यायालय फक्त संबंधित लोकसेवकाच्या लेखी तक्रारीवरूनच घेऊ शकते, नुसता एफआयआर पुरत नाही, आणि याच मुद्द्यावर असे खटले रद्द झालेले आहेत. हे पोलिसांनाही ठाऊक असते. पण खटला रद्द होईपर्यंत रकान्यात ‘होय’ लिहावे लागते. पुढे कधीतरी शासन निर्णय निघतो, राजकीय आणि सामाजिक आंदोलनातले खटले मागे घेतले जातात, आणि त्यात कुणाचे नाव आधी लागते हे सांगायला कायद्याचा अभ्यास लागत नाही. आमदार-खासदारांचे खटले उच्च न्यायालयाच्या परवानगीशिवाय मागे घेऊ नका, असे ऑगस्ट २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाला सांगावे लागले ते उगाच नाही.

नियोजित नागपूर-गोवा शक्तिपीठ महामार्गाचेही इथेच सांगते. जमीन आपल्या खात्याकडे नाही, पण बंदोबस्त आपला आहे. जून २०२५ मध्ये मंत्रिमंडळाने भूसंपादनासह या कामासाठी वीस हजार कोटींहून जास्त रकमेला मान्यता दिली आणि आमच्या जिल्ह्यात मोजणीला विरोध झाला. महामार्ग हवा की नको यावर माझे मत पक्के नाही. आमच्या वर्गात दोन्ही बाजूंची मुले आहेत. पण २०१३ च्या भूसंपादन कायद्यात सामाजिक परिणामांचे मूल्यांकन होते आणि त्यासाठी गावात जनसुनावणी होती. अधिकाऱ्याला गावापुढे बसून ऐकावे लागत होते, ऐकलेले लिहावे लागत होते. २०१८ च्या राज्य दुरुस्तीने महाराष्ट्र महामार्ग अधिनियमाखालचे संपादन त्यातून वगळले. ज्याची जमीन जाणार त्याने वैयक्तिक हरकत द्यायची, एवढे उरले. गावाने मिळून बोलायची कायद्यातली जागा सरकारनेच काढून घेतली, म्हणून लोक बांधावर उभे राहिले, आणि बांधावर पाचजण जमले की ३७ आहेच. अशा वेळी ‘आंदोलन कशाला, कायदेशीर मार्गाने या’ हा सल्ला कोणत्या तोंडाने द्यायचा?

आंदोलनाने काही होत नाही असे म्हणणाऱ्यांना मी कोल्हापूरकडे बोट दाखवते. १८ ऑगस्ट २०२५ पासून तिथे उच्च न्यायालयाचे सर्किट बेंच सुरू झाले. कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर, रत्नागिरी आणि सिंधुदुर्गातल्या पक्षकारांची मुंबईची वारी वाचली. त्यासाठी सहा जिल्ह्यांतल्या वकिलांनी काही दशके मोर्चे काढले, उपोषणे केली, कामकाजावर बहिष्कार टाकला. बहिष्काराच्या दिवसांत ज्यांच्या तारखा बुडाल्या त्यांचे हाल झाले, हेही खरे. पण उद्घाटनाला सगळे हार घालून उपस्थित होते; हा जमाव बेकायदेशीर होता, असे कुणी म्हणाले नाही. काळ्या कोटातल्या माणसाला जी सवलत मिळते ती द्राक्षवाल्याला का मिळू नये?

इथली माती तशीही निवेदनावर थांबणारी नाही. ९ सप्टेंबर १९४२ ला वडूजला आणि दुसऱ्या दिवशी इस्लामपूरला मोर्च्यांवर गोळ्या चालल्या. त्या मोर्च्यांनी परवानगी घेतली नव्हती, आणि आज आपण सगळेच तिथल्या हुतात्म्यांपुढे मान झुकवतो. पुढे इंग्रज राजवटीला समांतर असे नाना पाटलांचे प्रतिसरकार आले. पायाला पत्री मारण्याच्या शिक्षेचे समर्थन कायदा शिकणारी मुलगी करू शकत नाही, मी करत नाही. पण त्यांचे न्यायनिवाडे गावासमोर होत, दोन्ही बाजू ऐकून होत. निवाडा कुणी दिला आणि का दिला हे गावाला माहीत असे. गोऱ्या साहेबाच्या कचेरीतून तेवढेही कळत नव्हते, हेच तर दुखणे होते.

उत्तरदायित्वाबद्दल बोलताना सांगलीत २०१७ टाळता येत नाही. पोलीस कोठडीत एका तरुणाचा मृत्यू झाला, तो पळून गेल्याचा बनाव केला आणि मृतदेह आंबोलीला नेऊन जाळला, असा आरोप पोलिसांवरच आला. त्या घटनेनंतर शहरातले लोक रस्त्यावर उतरले. पुढे २ डिसेंबर २०२० ला परमवीर सिंग सैनी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने प्रत्येक ठाण्यात सीसीटीव्ही लावायला, चित्रण अठरा महिने जपायला आणि त्यावर जिल्हा पातळीवर देखरेख समिती नेमायला सांगितले. सांगलीतल्या कोणत्या ठाण्यातले कोणते कॅमेरे आज चालू आहेत हे समितीने दर तिमाहीला जाहीर करावे. त्याला ना निधी लागतो ना कायदा. तसेच पोलीस तक्रार प्राधिकरणाचे. प्रकाश सिंग खटल्यात २००६ साली सर्वोच्च न्यायालयाने ते राज्याबरोबर जिल्ह्यालाही हवे असे सांगितले होते. महाराष्ट्राने २०१४ च्या दुरुस्तीत ते विभागाला नेऊन ठेवले. जतच्या माणसाने ठाण्यात मार खाल्ला तर तक्रारीला त्याने पुणे विभागाकडे बघायचे. मामी तर मिरजेलाही जाणार नाही.

माहितीच्या अधिकाराच्या कायद्यातले कलम ४(१)(घ) सार्वजनिक प्राधिकरणाला सांगते की प्रशासकीय निर्णयाची कारणे बाधित व्यक्तींना द्या, मागण्याची वाट न पाहता. मनाई आदेशाने बाधित होणारा अख्खा जिल्हा असतो. म्हणून माझी विनंती गृह खात्याने एका परिपत्रकात बसेल एवढीच आहे. ३७ चा आदेश काढताना कोणत्या ठिकाणी, कोणत्या घटनेमुळे, कशाची शक्यता वाटली आणि जिल्ह्याऐवजी तेवढाच चौक किंवा तेवढीच वेळ का पुरली नाही, हे त्यात लिहावे. ‘विविध संघटनांची आंदोलने’ हे कारण म्हणून चालू नये. आंदोलन हा हक्क आहे, हक्क वापरला जाईल ही भीती कारण ठरत नाही. आदेशाची पूर्ण प्रत त्याच दिवशी जिल्ह्याच्या संकेतस्थळावर यावी. १६८ ची नोटीस देताना मिळालेली माहिती काय होती तेवढे तरी एका ओळीत सांगावे, खबऱ्याचे नाव नको. ज्याला ठाण्यात बसवून ठेवले त्याच्या हाती आत आल्याची आणि बाहेर पडल्याची वेळ लिहिलेला, सही-शिक्क्याचा कागद पडावा. आणि न्यायालयाने एखादा आदेश रद्द केला तर सही करणाऱ्या अधिकाऱ्याच्या गोपनीय अहवालात त्याची नोंद व्हावी.

बंदोबस्ताच्या दिवशी हे जमणार नाही, असे पोलीस सांगतील. गणपती, निवडणूक, मंत्र्यांचे दौरे यांत त्यांची माणसे बारा-बारा तास उभी असतात हे मी पाहते, आणि त्यांच्या सुट्ट्यांसाठी कुणी मोर्चा काढला तर मी त्यात असेन. पण एक परिच्छेद लिहायला मनुष्यबळ लागत नाही. लागते ते कारण.

या पत्राबरोबरच मी जिल्हाधिकारी कार्यालयात माहिती अधिकाराचा अर्ज देत आहे. गेल्या वर्षभरात सांगली जिल्ह्यात कलम ३७ खाली निघालेले सर्व आदेश आणि त्यासाठी पोलिसांनी पाठवलेल्या प्रस्तावांच्या प्रती मी मागितल्या आहेत. उत्तराची मुदत तीस दिवसांची आहे. प्रस्तावात कारणे सापडली तर ती मी याच पत्राखाली जशीच्या तशी छापीन. न सापडल्यास पहिले अपील करीन, आणि सनद हातात आली की कोल्हापूरला याचिका.

आपली,
विधी शाखेची एक विद्यार्थिनी,
सांगली