मूळ कागद

चि. बाळ,

काल मी फोन आपटला. म्हणजे ठेवला, पण तुझी आई म्हणते आपटला, तेव्हा तसंच धरू. मूळ कागदांची अख्खी निळी फाइल तू कुरिअरने त्या रिलोकेशनवाल्यांकडे, म्हणजे परदेशी बिऱ्हाड हलवून देणाऱ्या एजन्सीकडे, पाठवलीस हे ऐकलं आणि माझा तोल गेला.

अंथरुणाला पाठ टेकल्यावर तुझं म्हणणं पटलं. अपॉस्टिल, म्हणजे कागद परदेशात चालावा म्हणून मारायचा सरकारी शिक्का, करायचं तर मूळ दाखला कुणाच्या तरी हातात द्यावाच लागतो. तू जातेस तो देश १९६१च्या हेग करारात आहे, म्हणून या शिक्क्यावर भागतंय. नाहीतर पुढे वकिलातीच्या खेपा होत्याच. तीस वर्षं रेकॉर्डला काढलेल्या माणसाला हे तुझ्याकडून ऐकावं लागलं. पण एक लक्षात ठेव, अपॉस्टिल सही आणि शिक्का खरा आहे एवढंच सांगतं, मजकुराची हमी घेत नाही. तुझ्या जन्मदाखल्यात आईच्या नावातलं एक अक्षर गळलंय. त्या चुकीवरही शिक्का ऐटीत बसेल. पाठवण्याआधी पाहिलं होतंस का? आणि कुरिअरची पोच आली का?

त्या एजन्सीचं मला वावडं नाही. घर शोधतील, छोटीची शाळा बघतील, अर्ज भरतील. पण व्हिसा द्यायचा की नाही हे तिकडचं सरकार ठरवतं, ते नाहीत. अर्जात काही खोटं गेलं तर निस्तरायचं तुलाच, कारण खाली सही तुझी. वाचल्याशिवाय करू नकोस. पासपोर्ट व्हिसापुरता द्यायचा, लेखी पोच घ्यायची, काम झालं की परत मागायचा. मागायला लाजायचं नाही.

सामानाची खोकी त्यांच्याच माणसांना भरू दे. आपण भरलेल्या खोक्यात काही फुटलं तर विमावाले सहसा हात वर करतात. आजीचं घड्याळ तर मुळीच स्वतः गुंडाळू नकोस. यादीत 'घड्याळ, भिंतीवरचं, काच शाबूत' असं लिहून घे, नुसतं 'घरगुती सामान' नको. आणि मोत्याला आधी मायक्रोचिप, मग रेबीजची लस. उलटं झालं तर युरोपीय संघात ती लस धरतच नाहीत, पुन्हा टोचावी लागेल. बिचारा आधीच डॉक्टरला बघून पलंगाखाली जातो.

झालं, पुन्हा भाषण. तुझा नवरा म्हणेल, बाबांचं परिपत्रक आलं. माफ कर. हे सगळं तुझ्याकडे यादीत लिहिलेलं असणार, आणि माझ्यापेक्षा नीट.

कालच्या रागाचं कारण वेगळंच आहे. तू आईच्या पोटात होतीस तेव्हा मलाही बाहेरची नोकरी लागली होती. मध्यस्थाने पासपोर्ट आणि सर्टिफिकिटं 'दोन दिवसांसाठी' ठेवून घेतली. सात महिने चकरा मारल्या. त्याच्या टेबलाच्या खणात रबरबँड लावलेली पासपोर्टांची चवड असायची, आणि खण उघडला की माझा कितवा असेल ते मी उभ्याउभ्या मोजायचो. हातात आला तेव्हा नोकरी गेली होती आणि तू दोन महिन्यांची झाली होतीस. कव्हरवर कुणाच्या तरी तेलकट अंगठ्याचा डाग होता. तो पासपोर्ट कपाटात आहे, डागही आहे. तुझी आई म्हणते, झालं ते बरंच झालं. मला अजून ठरवता आलेलं नाही.

म्हणून विचारतो, पोच आली का?

तुझ्या ऑफिसने सगळा खर्च उचलला, वर माणसंही नेमून दिली, हे मी शेजारी दोनदा सांगितलं आणि दादाला तीनदा. चौथ्यांदा त्याने फोन आईकडे द्यायला सांगितलं. तुम्हीही या, तुमचे कागदही त्यांच्याकडूनच करून घेऊ, असं तू म्हणालीस. त्याचं उत्तर आत्ता मागू नकोस. आईच्या गुडघ्याचा बहाणा मी करणार होतो, पण ती म्हणाली, माझ्या गुडघ्याला मध्ये आणू नका.

तुझे,
बाबा

ता. क. फाइल पाठवण्याआधी तू इथे ठेवली होतीस, तेव्हा मी तुझं पहिलीचं प्रगतिपुस्तक काढून घेतलं. एजन्सीच्या यादीत ते नव्हतं. ते मूळ आहे, आणि ते मी कुणाला देणार नाही.