आपल्याकडे गाडी थंडीने नाही, ओलीने मरते

मा. संपादक,
स.न.वि.वि.

हिवाळ्यात गाडी महिनोन्महिने बाहेर उभी ठेवायची तर काय तयारी करावी यावर तुमच्या रविवारच्या पुरवणीत मजकूर आला होता. चुकीचं काही नव्हतं त्यात, पण ते सगळं ज्या गावाला लागू आहे ते गाव मुंबई नाही, एवढंच सांगायला हे पत्र. मी बेस्टच्या वर्कशॉपात फिटर होतो, आता रिटायर, गोरेगावला राहतो, आणि आमच्या सोसायटीत पोरांकडे अमेरिका-कॅनडाला चार-सहा महिने जाऊन राहणारी मंडळी चिकार. जाताना चावी माझ्याकडे टाकतात आणि वर 'काका जरा लक्ष असू द्या हं' म्हणतात, त्यामुळे उभ्या गाड्यांचं काय होतं ते मला रोज खिडकीतून दिसतं.

आधी थंडीचं बोलू. कॅनडात काय किंवा आपल्या लाहौल-लडाखला काय, तिथे पाणी गोठतं हा खरा प्रॉब्लेम. रेडिएटरमध्ये नुसतं पाणी असेल तर बर्फ होऊन इंजिनच्या ब्लॉकला तडा जातो, म्हणून निम्मं कूलंट निम्मं पाणी, ते उणे ३५ च्या आसपासपर्यंत टिकतं. पार उतरलेली बॅटरी उणे सात-आठलाच गोठू शकते, फुल चार्ज असेल तर उणे पन्नासलाही काही होत नाही. डिझेल तर घट्ट होतं, म्हणून २०१९ मध्ये इंडियन ऑइलने लडाखसाठी वेगळं विंटर डिझेल काढलं. आता आपलं बघा. सांताक्रूझला पारा सगळ्यात खाली गेला तो १९६२ च्या जानेवारीत, ७.४ अंश. म्हणजे गोठायचा प्रश्नच येत नाही, तरी आमचे एक शेजारी तो लेख वाचून कूलंट बदलून आले आणि गाडी मात्र पावसाळाभर प्लॅस्टिकच्या कव्हरखाली टाकून गेले!

त्या कव्हरबद्दल मला जरा जास्तच बोलायचंय. बाजारात मिळणारं स्वस्तातलं चकचकीत प्लॅस्टिकचं कव्हर म्हणजे वरचं पाणी अडवतं हे खरं पण खालून जमिनीतली वाफ वर येते ती आत कोंडते, मग दुपारी दोन तास ऊन पडलं की आत भट्टी आणि रात्री परत सगळं ओलं. सप्टेंबरात असं कव्हर उचललं की पहिला वास येतो, मग स्टिअरिंगवर पांढरी-हिरवी बुरशी, सीटबेल्टवर ठिपके, आणि दरवाजाच्या रबराखाली पत्र्यावर फोड आलेले. वाऱ्याने कव्हर हलतं तेव्हा खालची धूळ पॉलिशपेपरचं काम करते ते वेगळंच. कव्हर घालायचंच तर हवा खेळणारं कापडी घ्या, गाडी आधी धुऊन पूर्ण सुकवा, आणि धुताना खालून साध्या पाण्याचा फवारा मारून घ्या कारण वर्सोवा, वरळी, कुलाबा या पट्ट्यात खाऱ्या हवेचं मीठ खालीच चिकटून बसतं. जायच्या आधी एसी बंद करून नुसता ब्लोअर दहा-पंधरा मिनिटं चालवा, आतली ओल सुकते.

झाडाखाली तर लावूच नका. गुलमोहर आणि पर्जन्यवृक्ष, दोघांच्याही फांद्या पावसात पडतात हे मुंबईकराला सांगायला नको, पण त्याहून चोरटं नुकसान पानांचं. वायपरच्या खाली जी जाळी असते तिथे पानं कुजून गाळ होतो, पाणी जायची भोकं बुजतात, मग ते पाणी आत पायपुसण्याखाली उतरतं आणि मालक म्हणतो काच तर बंद होती!

दुसरा गैरसमज, 'वॉचमनला सांगितलंय, आठवड्याला पाच मिनिटं चालू करून ठेवतो'. अहो त्याने फायदा नाही, तोटाच. सेल्फ मारताना जेवढा करंट जातो तेवढा पाच मिनिटांच्या आयडलिंगवर परत भरत नाही, इंजिन तापत नाही त्यामुळे धुरातलं पाणी सायलेन्सरमध्येच साचतं आणि तो आतून गंजतो, ऑइलमध्येही ओल आणि पेट्रोल उतरतं ते वेगळं. भरवशाचं माणूस असेल तर त्याने पंधरा दिवसांनी आरे रोडने पवईपर्यंत चांगली अर्धा तास फिरवून आणावी, नसेल तर हातच लावू नका. मग बॅटरी फुल चार्ज करा आणि टर्मिनल काढून ठेवा, आधी मायनस. (नंतर रिमोट चालणार नाही, चावीने लॉक करायचं.) इलेक्ट्रिक गाडीवाल्यांनी मोठी बॅटरी शंभर टक्के भरून सोडू नये, निम्म्याच्या आसपास बरी.

हँडब्रेक ओढून जाऊ नका. पावसाळ्यात ब्रेकचे लायनर ड्रमला गंजाने असे धरतात की आल्यावर गाडी हलतच नाही, जोर लावला तर टक् आवाज येतो आणि कधी लायनर सुटून हातात येतो. गिअरमध्ये टाका, टायरच्या पुढे-मागे विटा लावा. ज्यांचा ब्रेक बटणाचा आहे त्यांनी मॅन्युअल बघावं, बऱ्याच गाड्यांत तो आपोआप लागतो. टायरमध्ये हवा नेहमीपेक्षा थोडी जास्त, कोणी महिन्याने दोन फूट पुढे ढकलली तर उत्तमच.

पेट्रोलमध्ये आता २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं आणि इथेनॉल हवेतली ओल ओढतं. फार पाणी झालं की पाणी आणि इथेनॉल मिळून टाकीच्या तळाला बसतात, पंप तिथूनच ओढतो. म्हणून टाकी जवळजवळ भरून ठेवा, आत हवा कमी राहते. जुन्या बाइकच्या लोखंडी टाकीला तर हे हमखास करा.

उंदरांवर काय लिहू, मुंबईत राहतो आपण. तंबाखूची पानं, डांबरगोळ्या, सगळे उपाय लोक करतात, थोडा फरक पडतो. खरा उपाय म्हणजे आत खाण्याचा कण ठेवू नका आणि गाडी कचराकुंडीपासून लांब लावा. एका गाडीच्या एअर फिल्टरमध्ये मी घरटं पाहिलंय, बॉनेटचा फोम आणि चिवड्याच्या पिशवीचे तुकडे, अगदी नीट रचलेलं.

इन्शुरन्स 'बंद गाडीला कशाला' म्हणून सोडू नका. रस्त्यावर उभी असेल तर थर्ड पार्टी (दुसऱ्याच्या नुकसानीचा) कायद्यानेच लागतो, आणि संपल्यापासून ९० दिवसांत रिन्यू नाही केला तर नो क्लेम बोनसही (क्लेम न केल्याची सवलत) जातो. साध्या पॉलिसीत पाणी शिरून इंजिन गेलं तर बहुतेक वेळा पैसे मिळत नाहीत, त्याला इन्शुरन्समध्येच वेगळं कव्हर घ्यावं लागतं. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला ९४४ मिमी पडला तेव्हा पाण्यात बुडालेल्या कितीतरी गाड्यांची इंजिनं पाण्याने नाही, नंतर सेल्फ मारल्याने गेली. पिस्टन पाणी दाबू शकत नाही, कनेक्टिंग रॉड वाकतो. तेव्हा ज्याच्याकडे चावी ठेवाल त्याला बजावून ठेवा, पाणी चढलं तर चावी फिरवायची नाही. आणि रस्त्यावर धूळ खात पडलेल्या गाडीला पालिका बेवारस म्हणून नोटीस चिकटवते, म्हणून काचेच्या आत सोसायटीचं नाव आणि कोणाला सांगायचं ते लिहून ठेवा.

परत आल्यावर थेट सेल्फ मारू नका. बॉनेट उघडा, एअर फिल्टर काढून बघा, वायरी कुरतडल्यात का, ऑइल, कूलंट, हवा बघा, ब्रेकचं पेडल दाबून बघा. पहिल्या फेऱ्या सोसायटीच्या आतच मारा. डिस्कवर लाल गंज दिसेल, हळू चालवत चार-पाच वेळा ब्रेक लावला की तो बहुतेक निघून जातो, तेवढ्यावरून कोणी डिस्क बदलायला सांगितली तर आधी दुसऱ्या गॅरेजला दाखवा.

आपला,
एक रिटायर्ड फिटर, गोरेगाव (पूर्व)