आई, या वेळी एक पातेलं माझं

टिळकवाडी, बेळगाव

तीर्थस्वरूप आई-बाबांस,
शिरसाष्टांग नमस्कार.

परवा फोनवर आई म्हणालीस, "बाबांची पंच्याहत्तरी एकदाच येते, साठ माणसांचं मी बघते की." तेव्हा गप्प बसले. फोनवर तुझ्यापुढं माझं काही चालत नाही, म्हणून लिहिते आहे. पुरणपोळी, कटाची आमटी आणि मसालेभात आचारी करणार, हे ठरलंच आहे. पण कोशिंबिरीसाठी तू पहाटे चारला उठणार, हे मला इथं बसून दिसतंय. सकाळी तुझी बोटं मिटत नाहीत, चहाचा कप दोन्ही हातांनी धरतेस. ते पातेलं मला दे. मी घरून पास्त्याचं गार सॅलड करून आणते, गोडही आणि तिखटही.

बाबा, नाव ऐकून नको म्हणू नका. पास्ता म्हणजे ड्युरम गव्हाचा रवा पाण्यात मळून, आकार देऊन वाळवलेला. आपल्या नखुल्यांचंच घराणं हे. आई, नंदगडच्या सोप्यात तू रव्याचा गोळा ओल्या फडक्याखाली झाकून बसायचीस. तुरीएवढी गोळी अंगठा आणि बोटात धरायची, नखानं दाबून जराशी पुढं ओढायची, की खोलगट नखुली सुपात पडायची. दुसऱ्या दिवशी वाळल्यावर मी सूप हलवून तो खळखळ आवाज ऐकत बसायची. दुकानात शिंपल्यांच्या आकाराचा छोटा पास्ता पहिल्यांदा बघितला तेव्हा मला तेच सूप आठवलं. मी तोच घेते. त्याच्या खळग्यात दही बसतं, डाळिंबाचा दाणा अडकतो, आणि प्रत्येक घासात दोन्ही येतात.

करायचं कसं ते सविस्तर सांगते, म्हणजे तुला खात्री पटेल. अर्धा किलो पास्त्याला पाच लिटर पाणी, लिटरमागं दोन छोटे चमचे मीठ. पाणी खळाळून उकळल्यावरच पास्ता टाकायचा आणि पाकिटावर लिहिलंय त्यापेक्षा एक मिनिट जास्त शिजवायचा. गार झाल्यावर पास्ता पुन्हा घट्ट होतो, तेव्हा गरम असताना बरोबर वाटलेला नंतर दाताला कडक लागतो, आणि बाबांच्या कवळीला ते चालायचं नाही. निथळला की लगेच गार पाण्याखाली धुवायचा. गरम खायचा पास्ता धुवत नाहीत, पण सॅलडला वरचं पिठूळ पाणी गेलंच पाहिजे, नाहीतर त्याचा गोळा होतो. मग चमचाभर तेल चोळून ठेवायचा. साठ जणांना दोन किलो पुरेल, जेवणात बाकीही आहेच. शिजून तो दुपटीहून जास्त होतो. चार वेळा वेगवेगळा उकळेन, एकदम घातला तर पाणी थंड पडतं आणि पास्ता चिकटतो.

बाजारच्या मेयोनेजमध्ये बऱ्याचदा अंडं असतं, आणि बाबांच्या ऑफिसमधल्या कन्नड मित्रांपैकी कितीतरी जण अंडं खात नाहीत, काही जण कांदा-लसूणही नाही. म्हणून मी दही टांगून चक्का करते. अर्धा किलो पास्त्याला चारशे ग्रॅम चक्का, तो थोड्या ताकात सैल करायचा, त्यात दोन मोठे चमचे काकवी, दोन लिंबांचा रस, मोहरीची पूड, मिरपूड, मीठ. वरून मोहरी आणि कढीपत्त्याची फोडणी, गार करून. आई, ही तुझीच कोशिंबीर आहे. दही, आंबट, गोड, फोडणी, सगळं तुझंच. काकडीच्या जागी पास्ता आला एवढंच. काकडीही घालते, पण बिया काढून, मीठ लावून, पिळून, नाहीतर सॅलडला पाणी सुटतं.

गोडाला अननस, तासगावचे बेदाणे, डाळिंब. महाशिवरात्रीच्या बाजारात रताळी येतातच, त्यांचे चौकोनी तुकडे भाजून घालीन. तिखटाला ढबू मिरची आणि संकेश्वरी मिरचीचे भरडलेले तुकडे. खानापूरकडचे काजू शेवटी घालीन, बाबांसाठी थोडे भिजवून मऊ केलेले वेगळे.

अननसाचं मात्र सांगायलाच हवं. गेल्या संक्रांतीच्या हळदीकुंकवाला मी कच्चा अननस तसाच दह्यात घातला. सकाळी दहाला चव इतकी छान लागली की मी शेजारच्या काकूंना बोलावून चाखायला दिलं. दुपारी चारला बायका यायला लागल्या आणि झाकण उघडलं तर दही पातळ झालेलं आणि कडूजार. पातेलंभर टाकून द्यावं लागलं. मला फार वाईट वाटलं, त्या दिवशी तुला फोनही केला नाही. नंतर कारण कळलं. कच्च्या अननसात ब्रोमेलेन नावाचं पाचक द्रव्य असतं, ते दुधातली प्रथिनं तोडतं आणि त्यानंच दही कडू होतं. आच लागली की ते निष्प्रभ होतं. आता मी फोडी लोखंडी तव्यावर तुपाच्या थेंबात, कडा तपकिरी होईपर्यंत परतते आणि तव्यावरच संकेश्वरीची चिमूट टाकते. तिखटाची झळ अननसाच्या गोडीत मुरते. सगळ्यात आधी त्याच फोडी संपतात.

बाबा, तुमच्या डॉक्टरांचं लक्षात आहे. साखर वेगळी घालत नाही. पण बेदाणे, काकवी, रताळं, अननस म्हणजे शेवटी साखरच, आणि पास्ता म्हणजे गहू. तेव्हा तुम्हाला एक छोटी वाटी, आणि त्या दिवशी पोळी अर्धीच. हे मी जवळ बसून बघणार आहे.

मी शनिवारी संध्याकाळीच पोचेन. पास्ता आणि दही वेगवेगळ्या डब्यांत, बर्फाच्या पेटीत आणते. अर्धं दही रात्री कालवायचं, अर्धं सकाळी वाढण्याआधी, कारण पास्ता रात्रभर दही पितो आणि कोरडा पडतो. फळं, काजू आणि डाळिंब शेवटी. फेब्रुवारीच्या अखेरीला ऊन तापतं, तेव्हा पातेलं मांडवात दोन तासांच्या वर ठेवायचं नाही. थोडं थोडं काढून वाढू, बाकीचं फ्रीजमध्ये.

आई, तुझ्याकडं फक्त एक मागणं आहे. गेल्या उन्हाळ्यातल्या नखुल्या त्या पितळी डब्यात उरल्या असतील तर मूठभर काढून ठेव. मी त्या वेगळ्या उकडून पास्त्यात मिसळेन. अंगठ्याच्या चिमटीतल्या त्या नखुल्या मशीनच्या शिंपल्यांच्या शेजारी ताटात पडल्या की कोणत्या कुणाच्या ते पाहुणे ओळखतीलच. नवीन करू नकोस, डब्यात असतील तेवढ्याच.

बाबा, तुम्ही बर्फाचं तेवढं बघा. शनिवारी दुपारपर्यंत सांगून ठेवलंत तर बरं होईल.

तुमची,
थोरली